वॉट, भोंगा आणि फाटलेला आवाज

आम्हांला एरवी बोलावतात ते पगार, बोनस नाही तर कामगार कायदा यांवर बोलायला. यंदा ध्वनिवर्धकावर बोलतो म्हटल्यावर चिटणीसांनी कपाळाला हात लावला. पण शिरूर-दौंड भागात आमचे निम्मे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांशी सभा घेण्यात गेले आहे. तिथे भोंगा हाच आमचा गळा.

कुरकुंभची एक सभा आम्ही विसरणार नाही. 40 वॉटचे यंत्र, मोठा जमाव, शेजारून मालमोटारींची वर्दळ. आम्ही संतापून ओरडलो, "संप मागे घेतलेला नाही!" नेमका 'नाही' फाटला. मागच्यांनी उलटेच ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बरीच माणसे आत गेली. शिव्या भोंगेवाल्याने खाल्ल्या. वास्तविक कळ शेवटापर्यंत पिळायला आम्हीच लावली होती.

ही कळ वॉट वाढवत नाही, हे आम्हांला फार उशिरा समजले. यंत्राची ताकद ठरलेली असते. कळीने आपण फक्त आत जाणारा आवाज किती फुगवायचा ते ठरवतो. पाचाच्या आकड्यावरच ताकद संपली, तर दहावर नेऊन मिळणार काय? डोक्यावर गवताचा भारा घेऊन ठेंगण्या दारातून शिरावे, तसे होते. वरचे गवत चौकटीला खरवडले जाते. आवाजाच्या लाटांचे शेंडे असेच सपाट छाटले जातात, आणि कानाला खरखर येते. भारा आणि चौकट यांमधली मोकळी जागा, तीच खरी मोलाची.

ती किती लागते? बोलण्यातले शेंडे सरासरीच्या वर सहज 10 डेसिबल जातात. 10 डेसिबल म्हणजे दहापट ताकद. म्हणून 40 वॉटच्या यंत्राकडून सरासरी 4 वॉटच घ्यावेत. उरलेले ओरडण्यासाठी राखून ठेवावेत.

आता 50 ऐवजी 100 वॉट आणले तर आवाज दुप्पट होईल, असे पुष्कळांना वाटते. वाढतात ते 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद, म्हणजे 500 वॉट लागतात. उलट मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल गळतात. ते भरून काढायला चौपट वॉट. यापेक्षा एक भोंगा उचलून मागच्या माणसांजवळ बांधणे किती स्वस्त! शिवाय तेवढ्याच वॉटवर भोंगा साध्या पेटीपेक्षा खूप मोठा बोलतो. त्याला ढोलकीचा घुमारा पेलत नाही, पण भाषणाला ढोलकी लागते कशाला?

गंमत अशी की आम्हांला नको असलेली ही फाट गिटारवाले मुद्दाम मागतात. फेंडरचा सुमारे 5 वॉटचा चँप थोड्याच आवाजात फाटतो, आणि त्याच्या नळ्या शेंडे जरा गोल छाटत असल्याने ती फाट गोड लागते. त्याच कंपनीचा 80-85 वॉटचा ट्विन मोठ्यानेही स्वच्छ राहतो. लंडनच्या मार्शलने 1965 च्या सुमारास 100 वॉटची यंत्रे केली ती 'द हू' या वाद्यवृंदाच्या मागणीवरून. आमच्याकडच्या वरातीतल्या बेंजोलाही थोडी खरखर शोभते. पुढाऱ्याला शोभत नाही.

त्यानंतरच्या सभेला आम्ही 100 वॉटचे यंत्र आणले, कळ चारावर ठेवली आणि दोन भोंगे मागच्या चिंचेला बांधले. भोंगेवाला कुरकुरला, "एवढे मोठे यंत्र आणून वापरायचे नाही, तर भाडे कशाला देता?"

आम्ही म्हटले, "एका शब्दासाठी."