पट्टा पडल्यानंतरचा ट्रक

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी करीत नांदेडकडे उतरणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नागपूरच्या अंगाने वर्धा, यवतमाळ, उमरखेड, हदगाव अशी गावे घेत पुढे लातूर-तुळजापूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग हे दोन्ही ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या वारंगा फाट्याची ख्याती सर्वस्वी चालत्या वाहनांमुळे झालेली आहे. येथे मुक्कामाला कोणी येत नाही. जो येतो तो पुढे जाण्यासाठीच येतो, खिचडीची प्लेट संपेपर्यंत विसावतो आणि आपल्या दिशेचा रस्ता धरतो. परंतु धाबे, टायरची दुकाने आणि गॅरेज यांच्या मागल्या बाजूस, त्याचप्रमाणे फाट्यापासून आत शिरणाऱ्या गावांच्या शिवारांत, चैत्रापासून आश्विनापर्यंत काही ट्रक असे उभे असतात की त्यांच्या चाकांभोवती गवत माजते. हे भंगारात निघालेले ट्रक नव्हेत. साखर कारखान्याच्या गव्हाणीचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की ऊस वाहण्याचे त्यांचे काम संपते आणि पुढल्या हंगामाचा मुहूर्त होईपर्यंत त्यांना धनी असतो, पण धंदा नसतो. अशा ट्रकांचा, आणि त्यांना जिवंत ठेवण्याच्या विद्येचा, परिचय करून देण्याचा येथे विचार आहे; कारण रोज दोनशे कोस धावणाऱ्या गाडीच्या सर्व्हिसिंगविषयी कोणताही क्लीनर व्याख्यान देऊ शकेल, परंतु वर्षातून सात महिने न हलणाऱ्या गाडीचा बंदोबस्त कसा करावा हे सांगणारा मिस्त्री शोधावा लागतो.

या ट्रकांच्या नंबरपाट्या वाचीत गेले तर या मुलुखाचा कारभारी इतिहासही हाती लागतो. हिंगोली जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. म्हणून नव्या गाड्यांवर एमएच ३८, शेजारच्या नांदेडच्या गाड्यांवर एमएच २६, आणि फाळणीपूर्वी ज्यांची नोंद झाली त्या वृद्धांवर परभणीचा एमएच २२. उसाच्या कामात ही वृद्ध मंडळीच पुष्कळ दिसतात, आणि त्यात टाटांचा वरचष्मा आहे. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून ट्रक बांधण्यास आरंभ केला आणि १९६९ साली तो करार संपल्यावरही इंजिनाची घडण पुष्कळ अंशी त्याच वळणावर राहिली. १६१२ सारख्या जुन्या गाड्यांतले ६९७ नावाचे इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यासाचे बोअर. घनफळ ५,६७५ घनसेंटिमीटर. त्यात संगणक नाही, संवेदक नाहीत, आणि हातात चांगला पाना असलेल्या माणसाला त्यात अगम्य असे काहीच नाही. ज्याने हप्ते केव्हाच फेडले आहेत असा ट्रक सात महिने उभा राहिला तरी मालकाच्या उरावर बसत नाही, हे त्याच्या दीर्घायुष्याचे खरे अर्थशास्त्रीय कारण होय. बँकेचे कर्ज डोक्यावर असलेली गाडी अशी उभी ठेवणे कोणालाही परवडणार नाही.

उभ्या ट्रकला विश्रांती मिळते हा समज मात्र मुळातच खोटा आहे. यंत्र थांबले तरी रसायन थांबत नाही. टाकीतल्या डिझेलचे उदाहरण घ्या. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या पोकळीत हवा राहते. मराठवाड्यातल्या वळवाच्या दिवसांत दुपारी पत्रा हात लावू देत नाही आणि पहाटे तोच पत्रा गार पडतो. हवेतली वाफ आतल्या भिंतींवर थेंब होऊन जमते आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. पाणी व इंधन यांच्या सीमारेषेवर सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत गाळ होतो, आणि ज्या दिवशी गाडी हलते त्या दिवशी तो गाळ ढवळून फिल्टरवर जातो. म्हणून पट्टा पडताच टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, पोकळीच उरू देऊ नये, असा शास्त्राचा निर्णय आहे. व्यवहाराचा निर्णय निराळा असतो. उन्हाळी नांगरटी तोंडावर आलेली असते, घरच्या ट्रॅक्टरला डिझेल हवे असते, आणि ट्रकच्या टाकीतले डिझेल नुसते पडून असते.

"मालक, टाकी भरून ठेवा, रिकामी नका ठेवू."

"मिस्त्री, तेवढ्यात माझी सगळी नांगरटी उरकते की!"

या संवादात मालकाचाच विजय होतो, आणि त्याची किंमत दिवाळीच्या सुमारास मिस्त्रीकडे जमा होते. भरून ठेवणे अगदीच शक्य नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, झाकण घट्ट लावून ठेवावी हा दुय्यम मार्ग. अर्धवट ठेवणे हा सर्वांत वाईट. टाकी कशीही ठेवली असो, इंजिन फिरविण्यापूर्वी एके दिवशी भल्या सकाळी, गाडी मुळीच न हलविता, टाकीच्या बुडाचा नट हलकेच सैल करून काचेच्या बरणीत पहिले पाव-अर्धा लिटर उतरवून घ्यावे. बरणी क्षणभर स्थिर ठेवली की खाली स्वच्छ पाणी, मधे चहाच्या सायीसारखा तपकिरी पापुद्रा आणि वर सोनेरी डिझेल असे तीन थर निरनिराळे दिसू लागतात. वरचा थर बुडापर्यंत एकसारखा येईतो हे काम चालू ठेवायचे असते.

एवढ्या सोपस्काराचे कारण इंधनपंपात आहे. जुन्या टाटांवर प्रायः मायकोचा, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, पंप असतो. त्यातला दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांएवढीच असते. माणसाचा केस त्याच्या वीसपटीहून अधिक जाड. या जोडीला वंगण म्हणून वेगळे ऑइल पोहोचत नाही, खुद्द डिझेलच तिचे वंगण. आणि डिझेलच्या जागी पाण्याचा थेंब महिनोन्‌महिने बसून राहिला की लोखंडाला जे व्हायचे ते होते. दट्ट्या एका जागी धरला जातो, इंजिन सहापैकी पाचच सिलिंडरांवर अडखळत चालते, पांढरा धूर ओकते, आणि पंप उतरवून नांदेडला कॅलिब्रेशनसाठी न्यावा लागतो. फिल्टर बदलताना किंवा टाकी आटल्यावर नळ्यांत हवा शिरली तर प्रकरण इतके गंभीर नसते. मिस्त्री फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि फीडपंपाची मूठ वरखाली करीत राहतो. आधी नुसता फुसफुस आवाज येतो, मग फेस येतो, मग बुडबुड्यांसकट तुटक धार, आणि शेवटी काचेच्या काडीसारखी अखंड धार आली की मूठ चालू असतानाच स्क्रू आवळला जातो. मूठ थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत. नवशिक्या पोरांची येथेच फजिती होते.

आता ज्या शिरस्त्यावर माझा विशेष आक्षेप आहे त्याकडे वळतो. दर आठ-पंधरा दिवसांनी गाडीला सेल्फ मारायचा, पाच मिनिटे जागच्या जागी गुरगुरू द्यायचे आणि बंद करायचे, म्हणजे गाडी 'ताजी' राहते, अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. ती निरुपद्रवी असती तर तिच्याविरुद्ध लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु एक लिटर डिझेल जळले की रासायनिक क्रियेने सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन निमूट निघून जाते. थंड इंजिनात त्यातले काही रिंगांच्या फटींतून ऑइलमध्ये उतरते आणि काही सायलेन्सरमध्ये थेंब होऊन राहते. डिझेल इंजिन रिकामे गुरगुरताना तापत नाही, हा त्याच्या काटकसरीचाच दुसरा परिणाम. पाण्याचा काटा ऐंशी अंशांकडे सरकायलाच पुष्कळ वेळ जातो आणि ऑइल तर त्याच्याही मागून तापते. अशा रीतीने दर पंधरवड्याला ऑइलमध्ये घोटभर पाणी आणि अर्धवट जळालेल्या काजळीची पेरणी करून मालक समाधानाने घरी जातो. शिवाय सेल्फने बॅटरीतून जेवढे ओढले तेवढे पाच मिनिटांत भरून निघत नाही ते वेगळेच. माझे म्हणणे असे की गाडी चालवायचीच असेल तर महिन्यातून एकदा नीट चालवावी: फाट्यावरून निघून आखाडा बाळापूर मागे टाकीत कळमनुरीपर्यंत जावे आणि परत यावे, शक्य तर हौद्यात थोडे ओझे घालून, सर्व गिअर वापरून, ब्रेक चार वेळा खरे दाबून. तेवढी सवड, तेवढे डिझेल किंवा तेवढे कागद नसतील तर इंजिनाला हातच लावू नये. हंगाम संपताच तापलेल्या इंजिनातले जुने ऑइल काढून नवे घालावे, कारण जुन्यात साठलेली आम्ले बेअरिंगवर सात महिने बसून राहणे बरे नव्हे, आणि मग त्याला स्वस्थ पडू द्यावे. मधला मार्ग हा येथे मार्गच नाही.

बाहेरच्या अंगाची निगा ही मुख्यतः धुण्याची आहे. उसाच्या गाडीचे पाचट हौद्यात राहते तेवढेच नव्हे. ते चासीच्या बेचक्यांत, कमानपाट्यांच्या थरांत, डिझेलटाकीच्या पट्ट्यांखाली शिरून बसते, त्यावर उसाचा रस वाळतो, रसाला मुंग्या येतात, पाचटात उंदीर संसार थाटतात आणि पहिल्या पावसाबरोबर ते सर्व ओले होऊन आश्विनापर्यंत ओलेच राहते. लोखंड वरून गंजत नाही, खालून गंजते. म्हणून गाडी खालून, जोराच्या पाण्याने, पूर्ण धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून मगच ग्रीस भरावे आणि पाट्यांना जळके ऑइल मारावे. ते मारताना टायर, रबरी होज आणि ब्रेकचे लायनर यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. उंदरांना अटकाव म्हणून एअरक्लीनरच्या तोंडाला जाळी व सायलेन्सरच्या तोंडाला पत्र्याचा डबा बांधतात. तो डबा सुरू करण्यापूर्वी काढायचा असतो, ही सूचना अनावश्यक वाटेल. ती अनावश्यक नाही.

जागेची निवडही महत्त्वाची. इकडची जमीन काळी आणि चिकण. तीत उभा केलेला ट्रक पावसाळ्यात बुडापासून रुततो आणि टायरची बाजू चार महिने ओल्या चिखलात राहते. मुरमाचा किंवा फरशीचा उंचवटा करून, चासीखाली भक्कम ओंडके देऊन चाकांवरचा भार काढावा. ते न जमल्यास हवा थोडी जास्त ठेवून महिन्याला गाडी हातभर तरी ढकलावी, म्हणजे टायर एकाच जागी चपटे पडत नाहीत. हँडब्रेक ओढून ठेवणे हा तर शुद्ध अविचार. पावसाळ्यात ब्रेकचे शू ड्रमला गंजाने असे चिकटतात की पुढे हातोड्यानेच सोडवावे लागतात. चाकांना दगडांचे टेकण द्यावे आणि ब्रेक मोकळा ठेवावा. हवेच्या टाक्यांतले पाणी सोडून द्यावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये, कारण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांत थर धरतात. बॅटरी उतरवून घरात ठेवावी, अथवा निदान अर्थिंगची वायर सोडावी आणि महिन्याला मीटर लावून पाहावे: भरलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते, १२.४ च्या खाली उतरली की चार्जिंगला न्यावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर असा खडा धरतो की पुन्हा ती पूर्ण भरत नाही.

यंत्राइतकीच दप्तराचीही निगा राखावी लागते. वापर बंद ठेवणार असल्याची आगाऊ सूचना आरटीओ कचेरीत रीतसर दाखल केली तर त्या मुदतीच्या करातून सूट मागता येते, अशी तजवीज १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात आहे. 'आगाऊ' हा तिचा प्राण. गाडी उभी होती अशी दरखास्त मागाहून दिल्यास ती कोणी मंजूर करीत नाही. विम्याच्या बाबतीत मालकांचा तर्क असा की चालतच नाही तर विमा कशाला. परंतु रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रक कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागीच असतो, आणि फाट्यावर निम्मे ट्रक कडेलाच उभे. योग्यतेचा दाखला आठ वर्षांनंतर दरसाल घ्यावा लागतो आणि पंधरा वर्षांवरच्या अवजड गाड्यांसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून अनेक पटींनी वाढविण्यात आले. पंप, टायर आणि गंज यांतून सहीसलामत सुटलेला जुना ट्रक बहुधा या शुल्कापाशीच हार खातो.

नव्या गाड्या घेतलेल्या मालकांनी हसावे असेही काही नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लक्षांत केवळ दहाच भागांवर आणले गेले, ही आम्लांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. पण त्या गाड्यांबरोबर ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, निराळी टाकी आली. हे द्रावण पंचवीस अंशांत दीड वर्ष टिकते, पस्तीस अंशांत जेमतेम सहा महिने. आपला वैशाख चाळिशीच्या वर जातो. सात महिने उभ्या गाडीच्या नळीत ते वाळून पांढरे खडे धरतात, संवेदक तक्रार करतो आणि गाडी वेगच घेत नाही; येथे फाट्यावरच्या मिस्त्रीचा पाना चालत नाही, कंपनीचा लॅपटॉप बोलवावा लागतो.

आश्विन सरता सरता कारखान्यांचे मुकादम टोळ्यांची जमवाजमव करू लागले की या ट्रकांकडे पुन्हा पाहिले जाते. त्या दिवशी घाई करण्यासारखा दुसरा अपराध नाही. आधी फिल्टर नवे घालून हवा काढावी. नंतर स्टॉपची दोरी ओढून धरून, म्हणजे इंजिन पेटू न देता, थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा, ऑइलच्या दाबाचा काटा हलताना दिसला की मगच दोरी सोडावी. सात महिन्यांत बेअरिंगवरचे ऑइल सगळे खाली उतरलेले असते आणि ते पुन्हा वर चढण्याआधी इंजिन पेटले तर त्या काही सेकंदांत जेवढी झीज होते तेवढी कित्येक खेपांत होत नाही. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असल्यास इंजिन तापवून, पॅडल दाबून धरून, मोकळ्या जागेत गाडी मागेपुढे हलविल्यावर ती सुटते. पहिली खेप डोंगरकडा गावाच्या बाजूला, निम्म्याच भाराने. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे, हबला हात लावून कोणते चाक अधिक तापले आहे ते पाहायचे, आणि फिल्टरचे भांडे उघडून त्यात काय उतरले आहे ते एकदा तपासायचे.