मोहरी नाकात का चढते?

लोणच्यासाठी मोहरीची डाळ थोडं पाणी घालून फेसायला घ्या. आधी काहीच जाणवत नाही. थोड्याच वेळात झणका थेट नाकात! तीच मोहरी फोडणीत तडतडली, तर नुसती खमंग. असं का?

अख्ख्या दाण्यात सिनिग्रिन हे संयुग आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या पेशींत असतात. दाणा भरडला, ओलावा मिळाला की दोघांची गाठ पडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट हे झणझणीत, उडून जाणारं तेल तयार होतं. फोडणीत उष्णतेने विकरच निकामी होतं.

हा झणका म्हणजे रोपाचं किडींविरुद्धचं शस्त्र. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटून तो त्यांचं कामकाज बंद पाडतो. त्याची नुसती वाफही बुरशीला रोखते. जपानमध्ये तर खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी त्याचा वापर होतो.

पण लोणचं एकट्या मोहरीच्या जिवावर टिकत नाही. मीठ पाणी ओढून घेतं, कैरीचा आंबटपणा जिवाणूंना मानवत नाही, वरचं तेल हवा अडवतं. म्हणूनच फोडी तेलात बुडालेल्या हव्यात आणि बरणीत ओला चमचा नको!