दमट हवेतला गोठा

मालवणच्या किनारपट्टीवर मे महिन्यातही पारा विदर्भासारखा चाळिशी ओलांडत नाही, म्हणून येथील गुरांना उष्म्याचा त्रास कमी होत असावा, असा समज सहज होतो. परंतु जनावराला जाणवणारी उष्णता केवळ तापमानावर ठरत नाही. गाय आणि म्हैस अंगातील जादा उष्णता मुख्यतः घामावाटे आणि श्वासावाटे होणाऱ्या बाष्पीभवनातून बाहेर टाकतात, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर हा मार्ग बराचसा बंद होतो. म्हणूनच पशुशास्त्रज्ञ तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक वापरतात. त्याच्या रूढ सूत्राने हिशेब केला तर ४२ अंश सेल्सिअस तापमान व १५ टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या दुपारी निर्देशांक सुमारे ८४ येतो, तर ३३ अंश व ७५ टक्के आर्द्रतेच्या किनारी हवेत तो ८७ च्या आसपास जातो. होल्स्टीनसारख्या विदेशी दुधाळ गायींना तर ७२ च्या पुढेच ताण जाणवू लागतो. शिवाय किनाऱ्यावरची रात्रही दमट असल्याने दिवसभर साठलेली उष्णता बाहेर टाकण्यास जनावराला पुरेशी उसंत मिळत नाही.

या ताणाने दूध घटते ते लगेच दिसते, प्रजननाची हानी मात्र उशिरा लक्षात येते. गायीचे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते आणि प्रत्यक्ष माज त्यातील काही तासच टिकतो. उष्णतेच्या ताणाखाली अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडले, की हा अवधी आणखी आखडतो, लक्षणे मंद होतात आणि माज पुष्कळदा रात्री कोणाच्या नजरेस न येताच सरून जातो. म्हशींमध्ये ही अडचण अधिक तीव्र असते, कारण त्यांच्यात उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे आत स्त्रीबीज सुटूनही हंबरणे किंवा सोट टाकणे अशी बाह्य खूण न दिसणे, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एक माज हुकला की किमान तीन आठवडे वाया जातात, आणि असे दोन-तीन माज हुकले की दोन वेतांमधील अंतर वाढून जनावर भाकड काळातच चारा खात राहते. ज्या गायीत गर्भ राहतो तिच्यातही पहिल्या काही दिवसांचे भ्रूण उष्णतेला अतिशय नाजूक असते. स्त्रीबीज पक्व होण्यास कित्येक आठवडे लागत असल्याने उन्हाळ्यात बसलेल्या झळीचे परिणाम पाऊस सुरू झाल्यावरही टिकून राहतात.

वशिंड असलेल्या देशी वंशाची गाय या ताणाला अधिक चांगले तोंड देते. तिच्या त्वचेतील घर्मग्रंथी अधिक सक्षम असतात, केस आखूड असतात आणि शरीरात निर्माण होणारी उष्णताही कमी असते. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे झालेल्या संशोधनात तर असे दिसले, की भारतीय वंशाच्या ब्राह्मन गायीचे भ्रूणदेखील होल्स्टीनच्या भ्रूणापेक्षा उष्णता अधिक सोसते. उष्णतेविरुद्धचे बळ पेशींच्या पातळीवरच आहे, हा त्याचा अर्थ. सिंधुदुर्गात ज्या लहान चणीच्या, लाल, काळ्या, तपकिरी गायींना वर्षानुवर्षे ‘गावठी’ म्हणून दुर्लक्षिले गेले, त्यांची ‘कोकण कपिला’ या नावाने २०१८ मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कुडाळ तालुक्यातील निळेली येथील केंद्र या गायींचे संगोपन आणि अभ्यास करते. या गायीचे दूध थोडे असते हे खरे. परंतु डोंगरउतारावर चरून, धो धो पावसात टिकून, फारशा औषधपाण्याशिवाय ती विते, आणि अशा प्रदेशात गायीचे मोल दिवसाच्या लिटरांवर नव्हे, तर आयुष्यात तिने दिलेल्या निकोप वेतांवर ठरवणे अधिक न्याय्य आहे. संकरित गायीला येथे मज्जाव असावा असा याचा अर्थ नाही. मात्र तिच्या गोठ्यात हवा, पाणी, सावली आणि गोचीडनियंत्रण यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

माज दिसतच नसेल तर तो ठरवून आणण्याचे तंत्रही आता रूढ झाले आहे. पहिल्या दिवशी स्त्रीबीज सुटण्यास चालना देणारे संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पहिले संप्रेरक आणि साधारण १६ ते २४ तासांत कृत्रिम रेतन, असा हा क्रम असल्याने माज पाहत बसण्याची गरज उरत नाही. परंतु शरीर खंगलेल्या जनावरात त्याला अपेक्षित यश येत नाही. कोकणची जांभी जमीन आम्लधर्मी व स्फुरदात गरीब आहे, पावसाळ्यानंतर गवत लवकर जून होते आणि उन्हाळ्यात बहुतेक गोठ्यांत भाताचा पेंढा हाच मुख्य चारा उरतो. त्यात प्रथिने व खनिजे दोन्ही तोकडी असतात. गाय माजावर येत नाही अशी तक्रार असेल तेव्हा इंजेक्शनाआधी खनिज मिश्रण आणि जंतनिर्मूलन यांचा विचार व्हावा, तो यासाठीच. भातखाचरातील गोगलगायींमार्फत पसरणारे यकृतकृमी म्हशीला आतून पोखरतात, आणि शेळ्यांमध्ये रक्त शोषणारे जठरातील कृमी पावसाळ्यात करडे दगावण्यास कारण होतात. डोळ्याच्या आतील पापणीचा रंग पाहून रक्तक्षय ओळखायचा आणि फिकट पापणीच्या शेळीलाच औषध द्यायचे, ही दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली पद्धत ‘कोकण कन्याळ’ या सिंधुदुर्गाच्या शेळीच्या कळपांनाही उपयोगी पडावी, कारण सरसकट औषध दिल्याने कृमींमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते.

गोचिडांचा प्रश्न मात्र गोठ्यापुरता राहत नाही. त्यांच्यामार्फत थायलेरियोसिस आणि रक्तमूत हे गुरांचे रोग पसरतात हे पशुपालकांना ठाऊक होते. परंतु २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात माकडतापाने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा गुरांच्या अंगावरच्या गोचिडांकडे पाहण्याची दृष्टीच बदलणे भाग पडले. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखल्या गेलेल्या या रोगाचा विषाणू जंगली गोचिडाच्या लहान अवस्थेतून माणसाला व माकडाला लागतो, आणि काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याचा धोका विशेष असतो. गाय या रोगाने आजारी पडत नाही; परंतु प्रौढ गोचीड तिचेच रक्त पिऊन गळून पडते व पाचोळ्यात हजारो अंडी घालते. माणसातील साथ डिसेंबर ते मे या काळात दिसते, तर गुरांच्या अंगावर प्रौढ गोचिडे पावसाळ्यात चढतात, म्हणजे साथ दिसू लागल्यावर गुरांवर फवारणी केली तर मुख्य वेळ टळून गेलेली असते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत गुरे रानात चरत असतात आणि अंगाला लावलेले औषध पावसाने धुऊन जाते. त्या काळात टिकणारा, दुधात न उतरणारा आणि लहान पशुपालकाला परवडणारा गोचीडनाशक उपाय शोधणे, हे सिंधुदुर्गातील पशुसंशोधनापुढचे आजचे सर्वांत निकडीचे काम आहे.