यात खून कुठाय?

आज सुहास शिरवळकर, म्हणजे आपले सुशि.

रत्नागिरीत पावसात वीज गेली की मी कंदिलाशी बसून दारा बुलंद, मंदार पटवर्धन वाचायचो. त्याच भरात वाचनालयातून 'दुनियादारी' आणली. पन्नासेक पानं झाली तरी खून नाही! नुसता श्रेयस, दिग्या, शिरीन आणि कट्ट्यावरची पोरं. चिडून परत केली.

घोळ कुठे होता ते आता कळतं. रहस्यकथा वाचताना आपला लेखकाशी सौदा ठरलेला असतो: तू कोडं घाल, शेवटी सोडव. इथे कोडंच नव्हतं, आणि मी मात्र प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसलो. (शिरीनवर तर माझा पक्का वहीम!)

अगाथा ख्रिस्तीने १९३० पासून अशा वेगळ्या सहा कादंबऱ्या मेरी वेस्टमॅकॉट या नावाने काढल्या. पॉयरोच्या आशेने कुणी फसायला नको. सुशिंनी मात्र मुखपृष्ठावर आपलंच नाव ठेवलं.

२०१३ला सिनेमा आला, तेव्हा १९८२ची ती कादंबरी पुन्हा हातात घेतली. या खेपेला खून शोधला नाही. रात्री दोन वाजले.