आजीच्या पंच्याहत्तरीला घरचा पास्ता

घरात कुणाचा वाढदिवस असला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाहेर जायचं की मागवायचं? आमच्याकडेही तेच झालं. आजीचा 75वा वाढदिवस होता आणि आम्ही नातवंडं हॉटेलची यादी घेऊन बसलो होतो. आजीने मात्र एका वाक्यात सगळं संपवलं. "मला नको कौतुक. आता माझ्या हातून काही होत नाही, नुसतं बसून कसलं खायचं?"

आजोबा गेल्यापासून आणि सांगलीहून आमच्याकडे बंगळुरूला राहायला आल्यापासून ती हे वाक्य वारंवार म्हणायची. स्वयंपाकघर आईचं झालं होतं आणि आजीला तिथे पाहुण्यासारखं वाटायचं. शेवटी धाकट्या भावाने हट्ट धरला, "घरीच पास्ता करू या!" आणि त्या पास्त्याने आजीला ओट्यापाशी परत आणलं. कसं, ते पुढे सांगतेच. पण आधी पास्त्याची एक गंमत ऐका.

पास्ता आपल्याला नवा नाही

पास्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. अंडं घातलेला पास्ता प्रामुख्याने उत्तर इटलीतला. दक्षिणेकडे, पुलिया भागात, फक्त रवा आणि पाणी घेऊन पास्ता करण्याची जुनी पद्धत आहे. बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांमध्ये आजही बायका दारात पाट मांडून 'ओरेकिएत्ते' वळतात. या शब्दाचा अर्थ छोटे कान. त्याचाच भाऊ 'कावातेल्ली', म्हणजे बोटाने दाबून ओढलेला, पोटात खळगा असलेला छोटा तुकडा.

मी आजीला याचा व्हिडिओ दाखवला. तिने चष्मा सारखा केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर वळवट!"

खरंच की! लग्नघरी बायका एकत्र बसून गव्हले, नखुले, मालत्या वळायच्या, ते आठवतंय का? तोच रवा, तेच घट्ट पीठ, तीच बोटांची करामत. आणि आपल्या चकोल्या किंवा वरणफळं म्हणजे तरी काय? आमटीत शिजलेला घरचा पास्ताच! तेव्हा 'हे आपल्याला जमेल का' ही भीती आधी काढून टाका. तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या हातांना हे काम माहीत असण्याची बरीच शक्यता आहे.

पीठ कसं मळायचं?

8 माणसांसाठी 400 ग्रॅम बारीक रवा आणि 200 ग्रॅम कणीक घ्या. चिरोटी रवा मिळाला तर उत्तम. त्यात 1 चमचा मीठ आणि 1 चमचा तेल घाला. साधारण 300 मिली कोमट पाणी लागेल, पण ते एकदम ओतू नका. रवा हळूहळू पाणी पितो. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट हवं. 10 मिनिटं चांगलं मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

मग करंगळीएवढी जाड वळी करा आणि तिचे 1 सेंटिमीटरचे तुकडे कापा. प्रत्येक तुकडा पाटावर ठेवून अंगठ्याने दाबत पुढे ओढा. तो आपोआप आत वळतो. काट्याच्या पाठीवर ओढलात तर छान रेघा उमटतात आणि सॉस त्यात अडकून राहतो. वळलेले तुकडे रवा भुरभुरलेल्या सुती कापडावर सुटे पसरा. एकावर एक ठेवलेत तर गोळा झालाच म्हणून समजा.

8 माणसांचा पास्ता एकट्याने वळायचा म्हणजे मान मोडते. पण चौघे बसलात तर गप्पांमध्ये तासाभरात होतो. लहान मुलांनाही बसवा. त्यांचे तुकडे वाकडेतिकडे होतील, होऊ द्या. जेवताना 'हा माझा' म्हणत तेच आधी संपतात.

आदल्या दिवशी करून ठेवायचा असेल तर ताटात सुटा पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या आणि मग पिशवीत भरा. दुसऱ्या दिवशी तो तसाच उकळत्या पाण्यात सोडायचा.

सॉस साधाच हवा

दीड किलो लाल, पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात 2 मिनिटं ठेवून साल काढा आणि मिक्सरमधून फिरवा. जाड बुडाच्या कढईत तेल आणि थोडं लोणी घालून 2 बारीक चिरलेले कांदे मंद आचेवर मऊ करा. त्यात 8-10 लसूण पाकळ्या आणि एक किसलेलं गाजर घाला. आपले टोमॅटो आंबट असतात. गाजरामुळे साखर न घालताही चव गोलसर होते. टोमॅटो घालून 30 ते 40 मिनिटं मंद शिजू द्या. मीठ आणि मिरपूड शेवटी.

तिखटाचं काय? एकाच कढईत सगळ्यांची आवड बसत नाही. म्हणून सॉस सौम्य ठेवा आणि तेलात लसूण व लाल मिरची परतून वेगळी वाटी करा. ज्याला हवं तो वरून घेईल. आजी-आजोबा आणि छोटी मंडळी दोघंही खूश.

या चुका टाळा

पहिल्यांदा पास्ता केला तेव्हा मी उकळत्या पाण्यात तेल घातलं आणि नंतर पास्ता नळाखाली खळखळून धुतला. सॉस एकीकडे, पास्ता दुसरीकडे! तेलाने आणि धुण्याने तो गुळगुळीत होतो आणि सॉस धरत नाही.

• 1 लिटर पाण्याला साधारण 10 ग्रॅम मीठ घाला. घरातलं सर्वात मोठं पातेलं घ्या आणि पास्ता दोन घाण्यांत शिजवा.
• ताजा पास्ता 4 ते 6 मिनिटांत होतो. वर तरंगला की एक तुकडा चाखून बघा. दात नाजूक असतील त्यांच्यासाठी मिनिटभर जास्त ठेवा.
• गाळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा. त्यातल्या पिठाळपणामुळे सॉस मिळून येतो.
• पास्ता गरम सॉसमध्ये घालून मिनिटभर हलवा आणि वरून चीज किसा.
• सगळे पानावर बसल्यावरच पास्ता पाण्यात सोडा. पास्ता माणसांसाठी थांबत नाही, माणसांनीच त्याच्यासाठी थांबायचं. म्हणजे आईसुद्धा सगळ्यांबरोबर बसते!

सोबत काकडीची कोशिंबीर आणि तव्यावर लसूण-लोण्यात भाजलेले पाव पुरेसे आहेत. पदार्थांची गर्दी करू नका.

आणि गोड?

आदल्या दिवशी आम्ही दोन्ही भावंडं आईसोबत वळायला बसलो, तेव्हा आजी 'मी फक्त बघते' म्हणत खुर्चीत बसली होती. माझे तुकडे तिला पाच मिनिटंच सहन झाले. "सरक जरा" म्हणत तिने पाट ओढून घेतला आणि तिची बोटं चालायला लागली. आम्ही तिघं मिळून जेवढे वळत होतो, तेवढे ती एकटी वळत होती.

मूठभर पीठ तिने गुपचूप बाजूला ठेवलं होतं, ते आम्हाला कळलंच नाही. रात्री पंख्याखाली एका ताटात बारीक, टोकदार गव्हले वाळत होते. वाढदिवसाच्या जेवणात पास्त्यानंतर आजीने स्वतः तुपावर परतून केलेली गव्हल्यांची खीर होती.

तुमच्या घरीही कुणीतरी 'आता माझ्या हातून काही होत नाही' म्हणत असेल. पुढच्या वाढदिवसाला त्यांना भेटवस्तू देण्याआधी, पिठाचा एक गोळा हातात देऊन बघा.