आखडलेला स्नायू आणि पोटॅशियम

श्लेस्विगमधल्या काप्पेल्न गावचे डॉक्टर युलिउस थॉम्सेन यांनी १८७६ साली आपल्याच घराण्याचा आजार छापून जगापुढे मांडला. आवळलेली मूठ लगेच उघडत नाही, बसून उठताना पाय ताठरतात, पण थोडे चालल्यावर मोकळे होतात. त्यांच्या मुलावर लष्करी सेवा टाळण्यासाठी सोंग केल्याचा आळ आला होता. बापाने लेखणी उचलली ती त्यासाठी.

मायोटोनिया नावाच्या या आजारात रक्त तपासले तर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सहसा जागच्या जागी असतात. मग खनिजांचा संबंध काय? उत्तर मिळाले ते दचकताच ताठ होऊन कोसळणाऱ्या टेनेसीच्या शेळ्यांकडून. स्नायूतंतूतून विजेची प्रत्येक लहर जाताना थोडे पोटॅशियम बाहेर पडते आणि पृष्ठभागावरून खोल आत गेलेल्या अतिसूक्ष्म नलिकांत साठते. निरोगी स्नायूत क्लोराइडचा प्रवाह त्याचा परिणाम दाबून टाकतो. या आजारात क्लोराइडची वाटच अरुंद असते. त्यामुळे साठलेले पोटॅशियम तंतूला पुन्हा पुन्हा चेतवते आणि मेंदूचा हुकूम थांबला तरी स्नायू सैल होत नाही. १९७४ मध्ये एड्रियन आणि ब्रायंट यांनी शेळीच्या तंतूतल्या या नलिका तोडल्या, तेव्हा मागाहून येणाऱ्या त्या लहरी थांबल्या. माणसातला जनुकदोष १९९२ मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडला.

म्हणजे गडबड घडते ती नलिकांमधल्या थेंबभर द्रवात. दंडातून काढलेल्या रक्तात ती दिसणार कशी? अहवाल निर्दोष आला म्हणून रुग्णाला आळशी ठरवणे हा अन्यायच आहे.

मायोटोनियाच्याच दुसऱ्या गटात, सतराव्या गुणसूत्रावरच्या सोडियम-वाहिनीच्या दोषात, मात्र रक्तातले पोटॅशियम थेट बोलते. याच्या एका प्रकारात पोटॅशियम पोटात गेले की ताठरपणा वाढतो. ऑयलेनबुर्ग यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेल्या दुसऱ्या प्रकारात थंडीने चेहरा आणि हात आखडतात आणि हालचालीने ते अधिकच घट्ट होतात.

टेटनी याहून वेगळी. तिथे रक्तातले कॅल्शियम खरोखर घटते, चेतातंतू उतावीळ होतात आणि बोटे वळतात. पॅराथायरॉइड ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांची टेटनी कॅल्शियमने थांबते, हे मॅक्कॅलम आणि फोगटलिन यांनी १९०९ मध्ये दाखवले.

आपल्याकडे पायात गोळा आला की केळे, शहाळे, नाहीतर कॅल्शियमची गोळी पुढे येते. त्यामागची माया खरी, पण केळ्यात आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि वरच्या एका प्रकारात तेच नडते. म्हणून पकड सुटायला वेळ लागत असेल, थंडीत हात आखडत असतील किंवा घरात आणखी कुणाला असेच होत असेल, तर मेंदू-मज्जातंतुतज्ज्ञांकडे जा आणि स्नायूंची विद्युत-तपासणी करायची का, ते विचारा. निदान झाले असेल, तर कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. सक्सिनिलकोलीनसारख्या औषधाने अशा रुग्णाचा जबडा आणि छाती ताठरून श्वास देणे कठीण होऊ शकते.