पावसात चार दिवस बाहेर जाताय? मग टाकीतल्या माशांचं काय?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना दहादा येणारं ‘म्हणजे’ आणि मधेच भुंकलेला आमचा कुत्रा तेवढे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज विषय जरा घरगुती आहे. गेल्या भागानंतर तिघाचौघांनी विचारलं, की आम्ही आठवडाभर बाहेर चाललोय, टाकीतल्या माशांना खायला कोण घालणार? माझं पहिलं उत्तर ऐकून ते नाराज झाले. मी म्हटलं, कोणीच नाही घातलं तर उत्तम.

आधी आमच्या भागाचं सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, या सगळ्या पट्ट्यात मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बाहेरचे लोक आमच्याकडे येतात. ज्यांच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने द्यायला आहेत, ते तेव्हा घर सोडूच शकत नाहीत. म्हणून आमची सुट्टी जून-जुलैमध्ये, पावसात. आणि पावसात आमच्याकडे काय जातं? लाईट जाते. नारळाची झावळी तारेवर पडली की संपलं. म्हणून मासे सांभाळण्याचा सल्ला बाहेर कुठेही वाचलात तर तो खाण्याबद्दल असतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर खरा प्रश्न विजेचा आहे. तिकडे येतोच. पण आधी खाणं, कारण माझे मासे मेले ते खाण्यामुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार दिवस कोल्हापूर-पन्हाळ्याला गेलो होतो. दोन फुटी टाकी, चौदा मासे. शेजारच्या मावशींना किल्ली दिली आणि सांगितलं, “मावशी, रोज चिमूटभर टाका.” आता मावशी कोळीवाड्यातल्या. काचेतले मासे हा त्यांच्या दृष्टीने आमच्या घरचा विनोद. “एवढ्याशा माशांचा कालवन तरी व्हईल का?” असं दर वेळी विचारायच्या. पण जीव लावला की भरभरून लावणार. काचेजवळ कोणी गेलं की मासे तोंड उघडत पुढे येतात, ही त्यांची सवय असते, भूक असो वा नसो. मावशींना वाटलं, उपाशी आहेत बिचारे. सकाळी चिमूट, दुपारी चिमूट, संध्याकाळी परत. आणि त्यांची चिमूट म्हणजे माझी अर्धी मूठ.

परत आलो तर पाणी ताकासारखं. चौदातले अकरा गेलेले. मावशी पुढे तीन आठवडे आमच्या अंगणात फिरकल्या नाहीत. चूक सगळी माझी होती. ‘चिमूटभर’ हे काय माप झालं?

आता हे झालं कसं ते बघू. मासे थंड रक्ताचे. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो, माशांना तो खर्चच नाही. त्यामुळे धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. शेवाळ किंवा झाडं असतील तर तो काहीतरी चघळत राहतोच. अपवाद नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा. त्यांना दिवसातून दोन-तीनदा लागतं. गप्पीला नुकतीच पिल्लं झाली असतील तर त्यांच्यासाठी माणूस हवाच.

उलट जास्तीचं खाणं कुजतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. हिशोब सोपा आहे. माशांच्या खाद्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात साधारण सोळा टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर पाणी मावतं. तेवढ्या पाण्यात एक ग्रॅम न खाल्लेलं खाद्य पूर्ण कुजलं तर लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त अमोनिया-नायट्रोजन होतो. चांगल्या टाकीत तो शून्य असायला हवा. आणि पाणी जितकं गरम, जितकं क्षारीय, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. वर कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजनही खातात. म्हणजे दोन्हीकडून मार.

एरवी हा अमोनिया फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू संपवतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच कमी त्रासदायक. पण ही फौज रोजच्या खाण्याच्या बेताने वाढलेली असते. अचानक तिप्पट काम आलं तर तिला झेपत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी “सगळं स्वच्छ करून जाऊ” म्हणत स्पंज नळाखाली खळखळून धुणं, हा दुसरा मोठा घोळ. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंनाच मारतं. पाणी बदलायचंच तर जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी, पाव भाग, आणि फिल्टरला हात लावू नका. नवे मासेही निघायच्या आधीच्या पंधरवड्यात आणू नका. आजार घेऊन आले तर बघायला कोणी नसतं.

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. मॉली, गप्पी ते पाणी सहन करतात, निऑन टेट्रासारखे मासे नाही करत. म्हणून शेजाऱ्याला “पाणी कमी झालं तर घाला” असं मोघम सांगू नका. एका बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी भरून, झाकून, टाकीशेजारी ठेवून जा आणि काचेवर पेनाने रेघ मारा.

बाजारात सुट्टीसाठी पांढऱ्या वड्या मिळतात, पाण्यात टाकल्या की हळूहळू विरघळतात. मला त्या आवडत नाहीत. किती विरघळणार ते आपल्या हातात नाही, पाणीही गढूळ करतात. घड्याळावर चालणारं खाणं घालायचं यंत्र दहा-बारा दिवसांसाठी बरं, पण आमच्या दमट हवेत त्यातल्या दाण्यांचा गोळा होतो आणि भोक बुजतं, किंवा गोळाच्या गोळा खाली पडतो. घ्यायचंच असेल तर घरी असतानाच आठवडाभर चालवून बघा.

मी काय करतो? चार-पाच दिवस असतील तर काहीच नाही. त्यापेक्षा जास्त असतील तर कागदाच्या पुड्या. एका वेळचं खाणं एका पुडीत, तिच्यावर वार लिहिलेला, एक दिवस आड. बाकीचा डबा कपाटात, कुलपात. (हो, कुलपात. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि मग आमच्याकडे परत यायला लागल्या.)

आता वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडे खांबच्या खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. तशा वेळी माणसांचंच कठीण, मासे कुठले वाचवता. पण साध्या पावसातल्या आठ-दहा तासांसाठी तयारी करता येते.

पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. बुडबुडे उपयोगी पडतात ते पाणी ढवळलं जातं म्हणून. पंप थांबला की पाणी निपचित होतं आणि मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे उकाड्यात हे लवकर होतं. टाकीत मासे कमी असतील तर चार-पाच तास सहज निघतात, दाटी असेल तर तासा-दोन तासांतच गडबड. फायटर आणि गुरामी थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, ते तगतात.

म्हणून एक चार्जिंगचा हवा पंप घ्या, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. यूएसबीचा छोटा पंप पॉवर बँकवरही चालतो. वीस हजार एमएएचची बँक आणि दीड वॉटचा पंप असेल तर तूट धरूनही एक दिवस आरामात निघतो. पण एक मेख आहे. खूप कमी वीज ओढली जात असेल तर बऱ्याच पॉवर बँका “कोणी जोडलेलं नाही” असं समजून स्वतःच बंद होतात. घरी रात्रभर लावून तपासा. आणि पिनांवर खाऱ्या हवेने हिरवा थर आलाय का, तेही बघा.

दुसरं, पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात, तिथून बोर्डावर. दहा-वीस रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व्ह नळीत बसवला तर आणखी निर्धास्त.

टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर असेल तर अजून एक. बरेच तास बंद राहिला की आतले जिवाणू ऑक्सिजनअभावी मरायला लागतात आणि आत घाण पाणी साचतं. वीज आल्यावर तेच पाणी टाकीत येतं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळून मग सुरू करायचा. पण हे शेजाऱ्याला फोनवरून समजावणं कठीण, म्हणून जाताना मी टाकीच्या आत साधा स्पंज फिल्टर लावून जातो.

गेल्या जुलैत आम्ही साताऱ्याला होतो आणि इकडे एकोणीस तास लाईट नव्हती. मावशींचा फोन आला, “तुजे मासे वर येऊन गप् गप् करतान.” चार्जिंगचा पंप दमला होता. म्हटलं, मावशी, तांब्याने टाकीतलंच पाणी घ्या आणि हातभर वरून परत सोडा, पाच मिनिटं, मग अर्ध्या तासाने परत. खायला काही घालू नका. त्यांनी ते रात्री अकरापर्यंत केलं. मधल्या वेळात तिथेच बसून लसूण सोलला म्हणे. सगळे मासे जगले, एक गुरामी तेवढी शेपटीला फाटली होती, तीही पुढे भरून आली.

घरी आल्यावर लगेच मूठभर टाकू नका. आधी मोजा. मेलेला मासा दगडामागे अडकलेला असतो, तो काढा. पाव पाणी बदला, दिवा संध्याकाळी थोडाच वेळ लावा आणि खाणं दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या निम्मं. आणि किल्ली परत घ्यायला जाताना हात हलवत जाऊ नका. मी कंदी पेढे नेले होते. मावशी म्हणाल्या, पुढल्या वेळी सुकट आण.